गोड्या पाण्यातलं रान

उत्तर विस्कॉन्सिनमधल्या तळ्यांच्या तळाशी एक रान आडवं पडलेलं आहे. उभं होतं तेव्हा ते पांढऱ्या पाइनचं, हेमलॉकचं, मेपलचं आणि पिवळ्या बर्चचं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशिगन, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या तीन राज्यांत कुऱ्हाड आणि करवत अशी काही चालली, की दोन-तीन पिढ्यांत मैलोगणती मुलूख बोडका झाला. तोडलेले ओंडके नदीत सोडायचे, प्रवाहाबरोबर खाली न्यायचे, एखाद्या तळ्यात किंवा आखातात गोळा करायचे आणि काठावरच्या सॉ मिलमध्ये चिरायचे, अशी रीत होती. सगळे ओंडके पोचत नसत. काही वाटेत बुडत. जे पोचले त्यांची घरं झाली, गोदामं झाली, आगगाडीच्या रुळांखालचे स्लीपर झाले, आणि त्यातलं बरंचसं केव्हाच कुजलं, जळलं, पाडलं गेलं. जे बुडाले ते अजून आहेत. लाकूडवाल्यांच्या वहीत ज्याच्यापुढे नुकसान म्हणून आकडा पडला, तेच लाकूड आज त्या रानाची सर्वांत सबंध निशाणी आहे.

मी भूभौतिकीतली. ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार, आमच्या बोलण्यातलं नुसतं जीपीआर, पुण्याच्या रस्त्यांवरून ढकलत जमिनीखालच्या पाइपांचा आणि केबलींचा माग काढणं हे माझं रोजचं काम. खोदकामाआधी खाली काय आहे ते कळावं, कुदळ भलत्या जागी पडू नये, यासाठी लोक आम्हांला बोलावतात. मधला काही काळ मी विस्कॉन्सिनमध्ये होते. तिथे हेच यंत्र गोठलेल्या तळ्यावरून प्लास्टिकच्या घसरगाडीत बसून जाताना पाहिलं आणि त्या गाडीची दोरी माझ्याही हातात आली. डांबर, मुरूम आणि काळी माती यांच्या आत डोकावायची मला सवय होती. पाण्याच्या आत रडार पाहतं हे पुस्तकातून ठाऊक होतं. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा त्याचं मोठेपण कळलं.

तत्त्व साधं आहे. अँटेना रेडिओ लहरीचा एक आखूड ठोका खाली सोडते. एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो तिथे त्या लहरीचा थोडा भाग मागे फिरतो आणि बाकीचा पुढे जातो. परत आलेल्या लहरीला किती वेळ लागला यावरून खोली कळते. हा वेळ नॅनोसेकंदात मोजतात. एका सेकंदाचे अब्ज भाग केले तर त्यातला एक. एका नॅनोसेकंदात लहर हवेत ३० सेंटिमीटर जाते, बर्फात साधारण १७, आणि पाण्यात जेमतेम ३.३. पाच मीटर खोल तळाला शिवून परत यायला तिला सुमारे ३०० नॅनोसेकंद लागतात. पाण्यात ती नऊपट मंदावते, आणि या मंदावण्यातच तिचा फायदा आहे. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी हवेत ३ मीटर असते, पाण्यात ती ३३ सेंटिमीटरवर येते. लहर आखडली की तिला लहान वस्तू जाणवू लागतात. हवेत जी लहर दोन हात जाडीच्या ओंडक्याला जेमतेम ओळखेल, ती पाण्यात शिरल्यावर त्याचा वरचा आणि खालचा काठ वेगळा सांगू शकते. वेग घटला की नजर वाढते, हे या विद्येतलं मला सर्वांत आवडणारं सत्य आहे.

ही विद्या मुळात बर्फातच जन्मली. १९२९ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका हिमनदीची जाडी रेडिओ लहरींनी मोजली गेली. पुढे ग्रीनलंडवरून उडणाऱ्या विमानांची उंची सांगणारी रडारं चुकू लागली, कारण लहरी बर्फाच्या पृष्ठभागावरून परतण्याऐवजी आत खोल जात होत्या. वैमानिकांच्या दृष्टीनं तो धोका होता. काही माणसांनी त्यात बर्फाच्या आत पाहण्याची संधी ओळखली. १९७२ मध्ये अपोलो १७ यानानं चंद्राभोवती फिरताना अशाच लहरी चंद्राच्या पृष्ठभागाखाली सोडल्या. गोठलेल्या तळ्यावरची आमची घसरगाडी याच घराण्यातली.

पण प्रत्येक पाण्यात ही दृष्टी चालत नाही. पाण्यात क्षार विरघळलेले असले की ते वीज वाहून नेऊ लागतं, आणि लहरीची सगळी ताकद तिथेच उष्णतेत जिरते. समुद्राच्या पाण्यात हे रडार हातभर खोलीतही आंधळं होतं. अलिबागच्या किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर उभं राहून तळाचा ओंडका शोधायचा म्हटलं तर हे यंत्र निरुपयोगी आहे. गंमत अशी, की तिथे शोधायला ओंडकाही फारसा उरत नाही. शिंपल्यांच्या कुळातला, अळीसारखा लांबोडका एक जीव खाऱ्या पाण्यातलं लाकूड आतून पोखरत जातो. कोकणातल्या कोळ्यांनी होड्या ओढून काठावर घेतल्या, त्यांना तेल चोपडलं, तळ तासला, त्यामागे या जिवाची पिढ्यान्‌पिढ्यांची धास्ती आहे. विस्कॉन्सिनच्या तळ्यांत हा जीव नाही. पाणी गोडं, क्षार कमी, आणि तळाशी थंडी. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं, म्हणून भर हिवाळ्यात वर बर्फ असताना खोल तळाला साधारण तेवढंच तापमान असतं. गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे बुरशीचं फारसं चालत नाही. मीठ नाही म्हणून लाकूड टिकलं, आणि मीठ नाही म्हणूनच ते रडारला दिसू शकतं. जपण्याची आणि दिसण्याची सोय निसर्गानं एकाच गोष्टीत केली.

या सगळ्या मुलखाच्या माथ्यावर सुपीरियर सरोवर आहे. गोड्या पाण्याच्या सरोवरांत क्षेत्रफळानं जगात सर्वांत मोठं. ८२,००० चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडं जास्तच. त्याच्या दक्षिण काठावर चेक्वामेगन नावाचं उथळ आखात आहे, आणि त्याच्या भोवती ॲशलंड, वॉशबर्न, बेफील्ड ही गावं. लाकडाच्या भरभराटीच्या दिवसांत या काठावर सॉ मिल उभ्या होत्या आणि आखातात ओंडक्यांचे प्रचंड तराफे येऊन थांबत. ओंडक्याला ओंडका साखळीनं जोडून पाण्यावर कुंपण घालायचं आणि आत बाकीचे मोकळे सोडायचे. तिथे ते आपली पाळी येईपर्यंत भिजत पडायचे. पाइन हलका, तो बराच काळ तरंगे. मेपल, ओक, पिवळा बर्च ही जड लाकडं. ती साल आणि रस सांभाळून पाण्यात उतरली की लवकर पाणी पीत आणि एका टोकानं खाली जाऊ लागत. असा अर्धा बुडालेला, एक टोक गाळात रुतलेला आणि दुसरं पाण्याच्या पृष्ठभागाखाली लपलेला ओंडका होड्यांचा तळ फोडायचा. तिथले लोक त्याला डेडहेड म्हणतात आणि अजूनही त्याला भितात. १९९० च्या दशकात ॲशलंडमधल्या पाणबुड्यांनी या आखातातून ओंडके वर काढून विकायला सुरुवात केली, तेव्हा शंभर वर्षं विसरलेल्या मालाकडे सगळ्यांचे डोळे वळले.

उघड्या पाण्यात ओंडके शोधायला बहुतेक जण होडीमागून सोनार ओढतात, आणि तेच बरोबर आहे. तळावर उघडा पडलेला ओंडका आवाजाच्या लहरींना छान दिसतो. रडारची जागा वेगळी आहे. हिवाळ्यात तळं गोठलं की होडी बंद. उथळ काठाला पाणवनस्पतींची दाटी. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याच्या गाळात वायूचे बारीक बुडबुडे साठतात आणि आवाज त्यांच्यात अडकून विखरतो. रेडिओ लहर मात्र त्या गाळात शिरू शकते. जिथे आवाज हरतो तिथे ती कामाला येते.

बर्फावर जाण्याआधी गिरमिटानं भोक पाडून जाडी मोजतात. स्वच्छ, नवा बर्फ किमान ४ इंच असल्याशिवाय माणसानं पाऊल टाकू नये, हा तिथला दंडक आहे. आमच्या पायाखाली त्याच्या कितीतरी पट जाड थर असे. सकाळी बर्फावर दोरी ताणून समांतर रेघा आखायच्या, आणि एकीवरून घसरगाडी ओढत जायचं, दुसरीवरून परत यायचं. वरचा भुसभुशीत हिमाचा थर कोरडा असेल तर काम सुरळीत होतं. हिमाच्या वजनानं बर्फ दबून भेगांतून पाणी वर आलं असेल, तर त्या ओल्या चिखलासारख्या थरातच लहरींचा गोंधळ होतो आणि दिवस वाया जातो. बॅटऱ्या थंडीनं लवकर मरतात, म्हणून जोडीची बॅटरी अंगातल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवायची. हातमोजे काढून पडद्याचं बटण दाबलं की बोटं मिनिटभरात आपली राहत नाहीत.

पडद्यावर सगळ्यात वर एक सरळ पट्टा येतो, तो बर्फाचा. त्याखाली काळा, रिकामा भाग, ते पाणी. मग वळणावळणाची एक ठळक रेघ, तो तळ. तिच्याखाली फिकट होत जाणारे थर. तो वर्षानुवर्षं साचलेला गाळ. हे सगळं डोळ्यांना सरावाचं झालं, की एका क्षणी त्या तळाच्या रेघेवर, पाटीवर लहान मुलानं काढलेल्या डोंगरासारखी एक कमान उमटते. ओंडका कमानीसारखा नसतो. कमान ही आमच्या चालण्याची नोंद असते. अँटेनाची लहर खाली रुंद पसरते, त्यामुळे ओंडका अजून चार पावलं पुढे असतानाच तिला तो तिरका जाणवतो आणि अंतर जास्त म्हणून खोल उमटतो. आपण नेमके वर येतो तेव्हा अंतर सर्वांत कमी, म्हणून कमानीचं शिखर. पुढे गेलं की तो पुन्हा खोल उतरत जातो. म्हणजे त्या चित्रात जाणवण्याची सुरुवात, गाठ आणि निरोप हे तिन्ही एकत्र असतात. आडव्या रेघेवर अशी कमान आली, की मग उभी रेघ ओढून पाहायची. तिच्यात ओंडक्याच्या लांबीइतका सरळ तुकडा दिसला, तर तो दगड नव्हे, लाकूड असण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

पुष्कळ वाढते, खात्री होत नाही. रडारला लाकूड दिसत नाही, फरक दिसतो. कोरडं लाकूड आणि पाणी यांच्या विद्युत गुणांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पण शंभर वर्षं पाणी प्यायलेल्या ओंडक्याच्या नसानसांत पाणीच भरलेलं असतं. तो जितका मुरतो तितका भोवतालच्या पाण्यासारखा होत जातो आणि त्याची कमान तितकी फिकट होते. गाळात पुरता गाडला गेलेला ओंडका तर त्या ओल्या गाळापासून वेगळा ओळखणं फार कठीण. म्हणून अनुभवी माणसं पडद्यावरच्या कमानींना लगेच ओंडका म्हणत नाहीत. नोंद करतात, खूण रोवतात, दुसऱ्या दिवशी तिथे भोक पाडून कॅमेरा खाली सोडतात. कॅमेऱ्याच्या उजेडात आधी काहीच नसतं, मग तपकिरी शेवाळाचा लेप, मग त्या लेपाखालून एक सपाट, गोल टोक. निसर्गात झाड असं सपाट तुटत नाही. ते टोक करवतीचं असतं.

वर काढलेला असा एक ओंडका मी वखारीच्या आवारात जवळून पाहिला. तो सतत पाण्याच्या फवाऱ्याखाली ठेवला होता. उन्हात एकदम वाळला तर तडकतो, म्हणून चिरेपर्यंत त्याला ओला ठेवतात आणि चिरल्यावर फळ्या सावकाश, कित्येक आठवडे सुकवतात. बाहेरचा बोटभर थर राखाडी आणि मऊ होता. नखानं निघत होता. त्याच्या आत गाभा घट्ट. टोकावर हातोड्यानं ठोकलेला शिक्का होता: एक वर्तुळ आणि त्यात एक अक्षर. एकाच नदीत अनेक मालकांचे ओंडके वाहत, म्हणून प्रत्येक मालक आपली खूण सरकारदरबारी नोंदवी आणि प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर ती ठोकून घेई. खाली गिरणीशी पोचल्यावर खुणेवरून वाटणी होई. शिक्का ठोकणारा माणूस गेला, त्याचा मालक गेला, गिरणीची इमारत गेली. शिक्क्याच्या कडा मात्र अजून बोटाला लागत होत्या.

शिक्क्याच्या भोवती वाढीची कडी होती. मी ती मोजायला घेतली आणि थोड्याच वेळात नखाच्या टोकानं मोजणं अशक्य झालं, इतकी ती दाट. मोकळ्यावर लावलेल्या पाइनच्या खोडात दोन कड्यांमध्ये सहज मोजता येईल अशी जागा दिसते. इथे एका बोटाच्या रुंदीत कड्यांची गर्दी. जुन्या रानात रोप उगवलं की वर आभाळ नसे, थोरल्या झाडांचं छत असे. वरून गळून येईल तेवढ्या उजेडावर ते वर्षाला केसभर जाड होत वाढे. एखादं थोरलं झाड पडून फट झाली की दहा-पंधरा वर्षं कडी जरा रुंद, मग पुन्हा अरुंद. हा संयम त्या लाकडाच्या घट्टपणात उतरलेला असतो. असं लाकूड पुन्हा हवं असेल तर आधी तसं रान लागेल आणि मग दोन-तीनशे वर्षं.

हे रान कुणाचं होतं, हे विसरून त्याच्याबद्दल लिहिणं मला गैर वाटतं. ही भूमी ओजिब्वे लोकांची. १८३७ च्या ज्या तहानं त्यांच्याकडून विस्कॉन्सिन-मिनेसोटातला मोठा मुलूख घेतला गेला, त्याला पांढऱ्या पाइनचा तह असंच नाव पडलं, इतका त्यामागचा हेतू उघड होता. १८४२ च्या तहानं सुपीरियरचा दक्षिण काठही गेला. शिकारीचा, मासेमारीचा आणि रानातून गोळा करण्याचा हक्क त्यांनी राखला होता, पण तो कोर्टात मान्य व्हायला १९८३ साल उजाडावं लागलं.

आणि तोड झाल्यावर मागे काय राहिलं? फांद्या, साल, शेंडे यांचे वाळके ढीग. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री विस्कॉन्सिनमधल्या पेश्टिगो गावाला आग लागली. त्याच रात्री शिकागो जळायला लागलं, म्हणून जगाचं लक्ष तिकडे गेलं. पेश्टिगोच्या आगीत किमान बाराशे माणसं मेली. अमेरिकेच्या इतिहासात वणव्यानं घेतलेले हे सर्वांत जास्त बळी. १ सप्टेंबर १८९४ ला मिनेसोटातल्या हिंक्ली गावात हेच घडलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. दुष्काळ होता, वारा होता, हे खरं. पण वणव्याला पसरायला वाळलेलं अंथरूण माणसानं घालून ठेवलं होतं.

दुसरी रीत शक्य नव्हती, असं मात्र कुणी म्हणू नये. त्याच विस्कॉन्सिनमध्ये मेनॉमिनी लोक आहेत. १८५४ च्या तहानंतर त्यांच्या हाती मूळ मुलखाचा एक तुकडा उरला. त्यांनी तिथे जंगल तोडलं, विकलं, त्यावर घरं चालवली. पण म्हातारी, आजारी, पडू आलेली झाडं आधी, आणि वाढ होईल तेवढीच तोड, हा नेम सोडला नाही. तेव्हापासून आजवर त्यांनी २०० कोटी बोर्ड फुटांहून अधिक लाकूड काढलं आहे. बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद आणि इंचभर जाड फळी. एवढं काढूनही तिथे आज उभं असलेलं लाकूड सुरुवातीपेक्षा जास्त आहे. नकाशात हे रान इतकं ठळक दिसतं, की अवकाशातून घेतलेल्या चित्रांतही त्याची कडा सरळ रेघेत कळते. शेजारच्या कंपन्यांना हीच झाडं मिळाली होती, हीच माती, हाच पाऊस. फरक फक्त किती घ्यायचं हे ठरवण्याचा होता.

म्हणून बुडालेल्या ओंडक्यांचा शोध लागला की माझ्या मनात आनंदाबरोबर एक धाक येतो. एकदा ठावठिकाणा कळला की पुढचा प्रश्न क्रेनचा असतो. आणि हे लाकूड काढण्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही: उभं झाड न पाडता उत्तम लाकूड मिळतं, काठावरच्या गावांना काम मिळतं, होड्यांचा धोका टळतो. पण तळाशी पडलेला ओंडका नुसता माल नसतो.

फिनलंडच्या उत्तरेला लॅपलंडमध्ये लहान लहान तळ्यांच्या गाळात पाइनची खोडं हजारो वर्षं पडून होती. शास्त्रज्ञांनी ती एक एक करून वर आणली, त्यांच्या कड्यांची सांगड एकमेकांशी घातली आणि साडेसात हजार वर्षांहून लांब अशी अखंड मालिका लावली. प्रत्येक कड्याला त्याचं साल. कुठल्या उन्हाळ्यात थंडी होती, कुठल्या दशकात झाडं जोमानं वाढली, हे त्या मालिकेतून वाचता येतं. विस्कॉन्सिनच्या ओंडक्यांतही तोडीआधीच्या शतकांचे पावसाळे, दुष्काळ आणि वणव्यांचे चटके नोंदलेले आहेत. ओंडका चिरून त्याचं टेबल केलं आणि कडी कुणी पाहिलीच नाहीत, तर त्या शतकांची ती प्रत कायमची गेली.

दुसरी गोष्ट माशांची. विस्कॉन्सिनच्या व्हिलास काउंटीत लिटल रॉक नावाचं तळं आहे. एका जुन्या प्रयोगासाठी पडदा लावून त्याचे दोन भाग केलेले होते. २००२ मध्ये संशोधकांनी एका भागातलं, काठालगत पाण्यात पडलेलं सुमारे तीन चतुर्थांश लाकूड काढून टाकलं आणि दुसरा भाग तसाच ठेवला. लाकूड काढलेल्या भागात पर्च मासे जवळजवळ संपले, कारण अंडी चिकटवायला आणि मोठ्या माशांपासून लपायला जागाच उरली नाही. त्यांना खाणाऱ्या बास माशांची वाढही मंदावली. खोल आखातातला गिरणीचा ओंडका आणि काठावर पडलेलं झाड सारखंच नव्हे, हे मान्य. पण शंभर वर्षं एका जागी पडलेल्या लाकडाभोवती कुणीतरी संसार मांडलेला असतो, एवढं तरी त्या तळ्यानं सिद्ध केलं. ज्या उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात रडार सर्वांत उपयोगी पडतं, तिथेच हा संसार सर्वांत दाट असतो. आमच्या यंत्राची पोच आणि माशांचं घर एकाच पट्ट्यात आहे. त्यामुळे जबाबदारीही आमच्यावर जास्त.

पुण्याला परतल्यावर मी पुन्हा रस्त्यांवर आले. आजही माझ्या यंत्राच्या पडद्यावर तशाच कमानी उमटतात, पाण्याच्या पाइपाच्या, केबलीच्या, कुठे जुन्या दगडी गटाराच्या. ठेकेदार विचारतो, खाली आहे का काही? मी खूण करून देते, आणि पुष्कळदा तो खड्ड्याची जागा दोन हात सरकवतो. खालची वस्तू आहे तिथेच राहते. या क्षणी यंत्राचं खरं काम पुरं होतं असं मला वाटतं. न उकरता कळावं, यासाठीच ते बनलं आहे. कुदळीनंही कळतं, पण कुदळीनं कळेपर्यंत ती वस्तू मोडलेली असते. विस्कॉन्सिनच्या लाकूडवाल्यांनी रान तोडून झाल्यावर ते किती होतं याचा हिशेब केला. आपल्याला हात लावण्याआधी मोजता येतं. ही सवलत त्यांना नव्हती, आपल्याला आहे. ती आपण नुसती क्रेन कुठे उभी करायची हे ठरवायला वापरली, तर त्यांच्यापेक्षा आपण शहाणे झालो असं म्हणता येणार नाही.

विस्कॉन्सिनमध्ये सरकारी परवान्याशिवाय असे ओंडके काढता येत नाहीत, आणि ते योग्य आहे. पण परवाना मागण्याआधी त्या तळ्याचा पुरा नकाशा व्हायला हवा: ओंडका कुठे, किती खोल, कोणत्या दिशेला, गाळात किती. वर काढलेल्या प्रत्येकाची टोकाची एक चकती शिक्क्यासह जपून ठेवायला हवी आणि तिची कडी मोजली जायला हवीत. ज्यांच्याकडून हे रान घेतलं गेलं त्या लोकांचं म्हणणं आधी ऐकायला हवं. आणि उथळ काठाचे ओंडके, आपल्याला दिसले तरी, हलवू नयेत. तुम्ही कुठेही राहत असा, तुमच्या हाती असं एखादं यंत्र आलं किंवा ते चालवणाऱ्याला तुम्ही कामाला बोलावलंत, तर खाली काय आहे हे विचारून थांबू नका. ते तिथेच राहू देता येईल का, हेही त्याच बैठकीत विचारा.